पट्टा आणि गदा

एखादा खेळ जुना असणें आणि तो लोकांचा असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कांहीं खेळ शतकानुशतकें चालूं असतात, पण मूठभर घरांच्या अंगणाबाहेर ते पडत नाहींत. उलट कांहीं खेळ पाहावयास जत्रेंत हजारों माणसें लोटतात. परंतु त्या खेळांतला श्रेष्ठ कोण, हें ठरविण्याचें साधन मात्र त्या माणसांच्या हातीं नसतें. पहिल्या प्रकारचा खेळ म्हणजे गोल्फ, आणि दुसऱ्या प्रकारचा म्हणजे आपली कुस्ती. या दोन खेळांचें नांव एका दमांत घेतलेलें ऐकून श्रोत्यांना हंसूं येईल. एक हिरवळीवरचा, दुसरा तांबड्या मातीवरचा. एकांत माणूस माणसाला शिवत नाहीं, दुसऱ्यांत शिवल्यावांचून गत्यंतर नाहीं. तथापि या दोहोंचे पहिले विजेते कसे ठरले आणि त्या ठरण्यानें खेळाचें काय झालें, हें पाहूं लागलें कीं एकच सूत्र हातीं येतें. तें सूत्र आपणांस थेट जालना शहरापर्यंत आणून पोंचवितें.

प्रथम गोल्फकडे वळूं. स्कॉटलंडच्या समुद्रकांठीं हा खेळ कित्येक शतकें चालत आला होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या प्रसाराला एका क्षुल्लक वस्तूनें अडवून धरलें होतें. ती वस्तु म्हणजे चेंडू. कातड्याच्या लहानशा पिशवींत पक्ष्यांचीं उकडलेलीं पिसें ठासून भरावयाचीं आणि वरून शिवण घालावयाची, असा तो चेंडू असे. कुशल कारागिराच्या हातून दिवसाकांठीं तीन-चार चेंडू निघाले तर पुष्कळ; शिवाय पावसांत भिजला कीं तो निकामी. असा चेंडू विकत घेणें सामान्य माणसाला कसें परवडावें? १८४८ च्या सुमारास मलायाकडील गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचे चेंडू होऊं लागले. ते स्वस्त होते, टिकाऊ होते, आणि ठेचाळले तर तापवून पुन्हा वळतां येत. त्याच सुमारास रेल्वेचे फांटे समुद्रकांठच्या गांवांपर्यंत पोंचले. चेंडू स्वस्त झाला, प्रवास सुकर झाला. आतां उणीव राहिली होती ती एका निर्विवाद विजेत्याची.

सेंट अँड्र्यूज गांवचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू समजला जाई. तो स्वतः पिसांचे चेंडू करणारा कारागीर होता. १८५९ सालीं तो वारला, आणि त्याच्या मागें श्रेष्ठ कोण असा प्रश्न उभा राहिला. तो सोडविण्यासाठीं प्रेस्टविक येथील मंडळानें १७ ऑक्टोबर १८६० रोजीं एक सामना ठेविला. खेळाडू अवघे आठ. मैदानावर भोकें बारा. त्यांस एका दिवसांत तीन फेरे घालावयाचे, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजयी. मसलबर्गच्या विली पार्कनें १७४ फटक्यांत खेळ संपविला. प्रेस्टविकच्याच टॉम मॉरिसला १७६ लागले. विजेत्याला रोख पैसा मिळाला नाहीं. मिळाला तो तांबड्या मोरोक्को कातड्याचा, रुपेरी बकलाचा एक रुंद पट्टा, आणि तोहि वर्षभर जपून परत करावयाच्या अटीवर.

हे आठ जण कोण होते, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ते उमराव नव्हते. टॉम मॉरिस हा मैदानाची निगा राखणारा नोकर. विली पार्कनें लहानपणीं इतरांच्या काठ्या वाहण्याचें, म्हणजे कॅडीचें काम केलेलें. खेळाचे धनी दुसरे होते. खेळ मात्र या चाकरमाणसांच्या हातांत होता. पुढल्याच वर्षीं, १८६१ सालीं, ही स्पर्धा साऱ्या जगाला खुली असल्याचें जाहीर झालें, आणि त्या वर्षीं टॉम मॉरिसनें ती जिंकली. त्याचा मुलगा धाकटा टॉम १८६८ सालीं अवघ्या सतराव्या वर्षीं विजयी झाला. १८६९ आणि १८७० सालींहि त्याच्याशीं बरोबरी करणारा कोणी निघाला नाहीं. लागोपाठ तीनदां जिंकणाऱ्याचा पट्टा कायमचा, असा नियम होता. त्याप्रमाणें त्यानें पट्टा घरीं नेला, आणि द्यावयास बक्षीसच उरलें नाहीं म्हणून १८७१ सालीं स्पर्धा झाली नाहीं!

या अडचणींतून जो तोडगा निघाला तोच आपल्या विषयाचा गाभा होय. प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि मसलबर्ग या तीन ठिकाणच्या मंडळांनीं खर्च वांटून घेतला, पट्ट्याच्या जागीं चांदीची सुरई करविली, आणि स्पर्धा आळीपाळीनें तिन्ही गांवीं भरवावयाची असें ठरविलें. १८७२ सालीं धाकटा टॉमच पुन्हा जिंकला. १८७५ च्या नाताळच्या दिवशीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तो निवर्तला. पण विजेतेपद तोंपर्यंत एका गांवाचें राहिलें नव्हतें. तें फिरतें झालें होतें. तें जेथें जाई तेथें बघे जमत, बघ्यांतून खेळणारे निपजत. पुढें इंग्लंड, अमेरिका असा त्याचा विस्तार होत गेला. १९१३ सालीं फ्रान्सिस ओइमेट या वीस वर्षांच्या तरुणानें, जो स्वतः पूर्वीं कॅडी होता, हॅरी व्हार्डन आणि टेड रे या नामांकित इंग्रज खेळाडूंना अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत हरविलें. तेव्हां तेथील सामान्य माणसाला हा खेळ आपलाहि होऊं शकेल असें वाटूं लागलें.

आपल्याकडे काय झालें? मुंबईंत गोल्फचें मंडळ १८४२ सालीं स्थापन झालें, म्हणजे प्रेस्टविकच्या सामन्याच्या अठरा वर्षें आधीं. इतक्या लवकर येऊनहि हा खेळ छावण्यांच्या आणि मंडळांच्या कुंपणाआड राहिला. आपल्या लोकांचा त्यांत प्रवेश झाला तो बहुधा काठ्यांची पिशवी खांद्याला लावून. भारताची खुली स्पर्धा १९६४ सालीं सुरू झाली. पहिल्या वर्षीं ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन जिंकला, तर १९६५ सालीं पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूनें ती जिंकली. भारतीय व्यावसायिक खेळाडूला मात्र त्यासाठीं १९९१ सालापर्यंत थांबावें लागलें. तो मान अली शेर यांचा. त्यांनीं दिल्लीच्या मैदानावर कॅडीचें काम केलेलें होतें. विली पार्कपासून अली शेरपर्यंत गोष्ट एकच आहे. ज्यानें ओझें वाहिलें त्यालाच एके दिवशीं काठी धरण्याची संधि मिळाली, आणि त्यानें ती साधली. फरक इतकाच कीं, स्कॉटलंडांत ही संधि आरंभींच मिळाली. येथें ती यावयास दीड शतक लोटलें.

कुस्तीची कथा याच्या नेमकी उलट आहे. तिला प्रेक्षकांची वाण कधींच नव्हती. गांवच्या जत्रेंत हलगी वाजूं लागली कीं रेवड्यांवर आणि नारळावर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. इनामाचा आंकडा चढत जातो, आणि दिवस कलतांना शेवटची मोठी जोड फडांत उतरते. या खेळाला महाग चेंडू लागत नाहीं. एक लंगोट आणि मऊ माती पुरे. पण मल्लाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम, आणि मेहनतीखेरीज दुसरें काम न करण्याची मोकळीक, हें शेतकऱ्याच्या घरीं कोठून येणार? म्हणून मोठा मल्ल हा बहुधा संस्थानचा मल्ल असे. कोल्हापूरच्या छत्रपति शाहू महाराजांनीं तालमींना आश्रय दिला, मल्लांना खुराक बांधून दिला, आणि खासबागेचें भव्य मैदान उभारलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. सुप्रसिद्ध गामा पहिलवानानें १९१० सालीं लंडनमध्यें ‘जॉन बुल’ पट्टा मिळविला. म्हणजे पट्ट्याचा मान तिकडे कुस्तीलाहि होता. पण हा गामाहि वाढला तो संस्थानिकांच्याच आश्रयानें. तात्पर्य, खेळ लोकांचा, पण मल्ल दरबारचा, अशी ही व्यवस्था होती.

१९४७ नंतर संस्थानें विलीन झालीं. कोल्हापूरहि १९४९ सालीं मुंबई राज्यांत आलें. मग मल्लाला पोसावयाचें कोणीं? या प्रश्नाचें पहिलें उत्तर खाशाबा जाधव यांच्या चरित्रांत सांपडतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हां खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता. तेथें त्यांचा क्रमांक सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें, तेव्हां पूर्वीसारखा राजाश्रय उरला नव्हता. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताला मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यामागें दरबार नव्हता; एका शिक्षकाचें घर होतें. परंतु प्रत्येक मल्लामागें कोणीतरी घर गहाण टाकावें, ही कांहीं व्यवस्था नव्हे.

ती व्यवस्था उभारण्याचा यत्न मामासाहेब मोहोळ यांनीं केला. १९५३ सालीं राज्याची कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९५९ सालीं श्रीपति खंचनाळे हे पहिले ‘हिंदकेसरी’ झाले, आणि महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १९६१ सालीं, ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू झाला. पहिली स्पर्धा कोल्हापुरांत नव्हे, पुण्यांत नव्हे, तर मराठवाड्यांत, औरंगाबादेस भरली, आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. जालना त्या वेळीं औरंगाबाद जिल्ह्यांतच होतें. तेरा वर्षांपूर्वींपर्यंत तर तो सारा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. नव्या राज्यानें आपला पहिला केसरी निवडावयास याच भागांत यावें, याला कांहीं अर्थ आहे.

त्यानंतर हा किताब गांवोगांव हिंडूं लागला. १९६२ सालीं धुळें येथें भगवान मोरे. १९६४ सालीं अमरावतीस आणि १९६५ सालीं नाशकास गणपतराव खेडकर. १९६६ सालीं जळगांवीं दीनानाथ सिंह, तर १९६७ सालीं खामगांवीं चंबा मुतनाळ. मधल्या १९६३ सालीं साताऱ्यास निकाल लागला नाहीं, म्हणून त्या वर्षाचा रकाना रिकामाच आहे. १९६९ सालीं लातूरला त्याच जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार विजयी झाले, आणि पुढच्या वर्षीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. प्रेस्टविकच्या पट्ट्याला जी वाट सांपडली तीच येथेंहि सांपडली: राजा सांगेल तो श्रेष्ठ हें संपलें, आणि दरवर्षीं नव्या गांवीं, सर्वांसमक्ष, जो जिंकेल तो श्रेष्ठ हें सुरू झालें. विजेत्याच्या खांद्यावर चांदीची गदा देण्याचा प्रघात पडला, आणि ती गदा पाहून तालमींत जोर-बैठका काढणाऱ्या पोरांची संख्या वाढली.

डिसेंबर २०१८ मध्यें ही स्पर्धा जालन्यास आली. ‘जालना सोने का पालना’ अशी ज्या शहराची जुनी म्हण, तें शहर १ मे १९८१ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालेलें. महाराष्ट्र केसरीची रचना अशी कीं एक विभाग मातीवर, दुसरा गादीवर. दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशीं भिडतात. मातींतून आला बाला रफीक शेख. मूळचा करमाळ्याकडचा, बुलढाणा जिल्ह्यातर्फे उतरलेला. गादीवरून आला आदल्या वर्षीचा केसरी, पुण्याचा अभिजित कटके. रफीकनें कटकेला हरविलें आणि गदा घेतली. त्याचे वस्ताद म्हणजे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकलेले हे थोर मल्ल त्याच वर्षीं सप्टेंबरांत निवर्तले होते. शिष्याच्या खांद्यावरची गदा पाहावयास ते राहिले नाहींत. त्यांनीं शिकविलेली कुस्ती मात्र जालनेकरांनीं डोळ्यांनीं पाहिली.

हें वर्तुळ अजून पुरें झालेलें नाहीं. स्त्रियांसाठीं पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरावयास २०२३ साल उजाडलें. सांगलीस झालेल्या त्या स्पर्धेंत तेथल्याच प्रतीक्षा बागडीनें मान मिळविला. ज्या खेळाला आपण लोकांचा म्हणतों त्याच्या लोकांत निम्मी माणसें बासष्ट वर्षें धरलीं गेलीं नव्हतीं, हें या तारखेवरून स्पष्ट होतें. खुराकाचा प्रश्नहि मिटलेला नाहीं. विजेत्याला गदा मिळते, पण उपांत्य फेरींत हरलेल्या शेतकऱ्याच्या पोराचें वर्षभराचें दूध कोणीं द्यावयाचें? शिवाय आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते आणि गांवची तालीम मातीची असते. गादीचा खर्च प्रत्येक गांवाला झेपत नाहीं. गोल्फच्या चेंडूनें जसा एके काळीं गरिबाचा रस्ता अडविला, तसा आपल्याकडे गादीनें अडवूं नये, एवढी खबरदारी घेतली पाहिजे.

पट्टा, सुरई किंवा गदा यांची किंमत त्यांतल्या चांदीवर ठरत नाहीं. ती ठरते तिच्यासाठीं कोणाकोणाला उतरतां आलें आणि ती कोणत्या गांवांपर्यंत गेली यावर. प्रेस्टविकच्या आठ चाकरमाणसांनीं एक खेळ मोठा केला. महाराष्ट्रांत तें काम धुळें, खामगांव, लातूर, जालना अशा गांवांनीं केलें आहे. आणि ज्या गांवीं ही गदा अद्याप गेलेली नाहीं त्यांची यादी अजून पुष्कळ लांब आहे.