मोबाईल घरोघरी आला, रामजीबाबांची शिस्त केव्हा येणार?

मुंबईच्या परळ भागातील कामगार चाळीत एक लहानशी खोली होती. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, जळणाची लाकडे तिथेच आणि कोपऱ्यात बांधलेली शेळीही तिथेच. अशा घरात मुलाने अभ्यास करायचा कसा? सुभेदार रामजीबाबांनी त्यावर तोडगा काढला. ते भीमरावाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून आपण त्याच्या जागेवर आडवे होत. चाळ झोपलेली असताना रॉकेलच्या दिव्याखाली भीमराव वाचत बसत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन उसने मागत, वेळप्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढचा इतिहास आपल्या लेकराबाळांना पाठ आहे.

आज ही हकिगत पुन्हा सांगण्याचे कारण आहे. आपल्या वस्तीतील पुष्कळशा खोल्या अजूनही तेवढ्याच आहेत. कोपऱ्यातल्या शेळीच्या जागी टीव्ही आला आणि उशाशी मोबाईल आला, एवढाच फरक. या मोबाईलमध्ये ग्रंथालय आहे, शिक्षक आहे, नकाशा आहे, शब्दकोश आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खोटे नाही. परंतु आपल्या मुलाने पुस्तक उघडावे म्हणून रात्री दोनपर्यंत जागणारा बाप आज किती घरांत आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

फळा बदलला

गेल्या दहा-बारा वर्षांत शाळेचा वर्ग पुष्कळ बदलला. कित्येक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याशेजारी चौकोनी क्यूआर कोड छापले जाऊ लागले. मोबाईल त्यावर धरला की त्या धड्याचे चित्र, आवाज किंवा पाठ समोर येतो. या कामात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा होता. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. एका खेड्यातील सरकारी शाळेचा हा मान आहे. मात्र एक गोष्ट विसरू नये. तो चौकोन स्वतःहून काही शिकवीत नाही. त्याच्यामागे कुणा शिक्षकाने बसून तयार केलेला पाठ असतो, आणि पाठ पाहिल्यावर मुलाला काय कळले, काय नाही, हे विचारणारे माणूस समोर लागते.

याचा कडू अनुभव देशाने टाळेबंदीत घेतला. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील पाचवी ते बारावी आणि शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग सर्वत्र उघडायला ४ ऑक्टोबर २०२१ ही तारीख उजाडली. मधल्या काळात शाळा व्हॉट्सॲपवर भरली, दूरदर्शनवर भरली. ज्या घरात दोन-तीन फोन होते तिथली मुले कशीबशी टिकली. आपल्याकडे काय होते? एकच फोन, तोही बापाचा. बाप कामावर गेला की शाळाही त्याच्या खिशातून निघून जायची.

‘असर’ या नावाने ग्रामीण भारतातील मुलांची घरोघरी पाहणी होते. तिचे आकडे बोलके आहेत. २०१८ साली सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ साली हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या जवळ गेले. याच चार वर्षांत पाचवीत शिकणारी, पण दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले सुमारे ५० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर घसरली. म्हणजे घरात फोन दुप्पट झाले आणि वाचन मात्र कमी झाले. शाळा पुन्हा नियमित भरू लागल्यावर २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण परत ४९ टक्क्यांच्या आसपास आले. फोनने नुकसान केले असा याचा अर्थ नव्हे. नुकसान बंद शाळेने केले. पण फोन शाळेची जागा घेऊ शकत नाही, एवढे तरी यातून शिकायला हवे.

फोन कुणाच्या हातात?

२०२४ च्या याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना काही प्रश्न विचारले होते. शंभरांतील ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशांपैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. ज्यांना फोन वापरता येतो त्यांतील ३६ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींकडे मात्र जेमतेम २७ टक्के.

हा मुलींचा आकडा वाचून मला आमच्या विहारातील संध्याकाळच्या वर्गाला येणारी आठवीतील एक मुलगी आठवली. गृहपाठ रोज अपुरा. मी रागावलो तेव्हा ती हळूच म्हणाली, “सर, बाई गृहपाठ ग्रुपवर टाकतात. फोन दादाचा आहे. त्याचं पाहून झालं की मला देतो. तोवर दहा वाजतात, मग आई दिवा बंद करते.” दादा दहा वाजेपर्यंत काय पाहतो, हे विचारायची गरज नव्हती. सावित्रीमाईंची जयंती आपण दरवर्षी थाटात करतो. जोतिबा आणि सावित्रीमाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली, हे भाषणात सांगतो. आणि घरी आल्यावर लेकीच्या वाट्याला उरलेला फोन आणि उरलेला उजेड देतो. हे कसे चालेल?

पडद्यामागचे डबे

एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि वर्गात एकच गलका उठला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे उचलले, मगच भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. ज्ञानाच्या वाटेत असे डबे होते. संस्कृत शिकायची इच्छा असूनही त्यांना पर्शियन घ्यावी लागली, कारण संस्कृतचा दरवाजा त्यांना बंद होता.

आज तो दरवाजा कुणी बंद करू शकत नाही. संस्कृत असो, पाली असो की इंग्रजी, शिकवणारे पाठ फोनवर फुकट आहेत. ‘स्वयम्’ या सरकारी व्यासपीठावर महाविद्यालयीन विषयांचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड आज फोनवर उतरवून घेता येतात. एके काळी एकेका खंडासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी दुकानांचे उंबरठे झिजवले आहेत. ही सोय लहान नाही.

पण डबे पुरते हललेले नाहीत. वर्गातील मुलांचे शिक्षकांशिवाय वेगळे ग्रुप असतात. तिथे आडनाव विचारले जाते, शिष्यवृत्तीवरून टोमणे मारले जातात. १४ एप्रिल जवळ आला की ‘विनोद’ फिरू लागतात. मुलगा घरी काही सांगत नाही, फक्त गप्प होतो आणि शाळेला जायला कुरकुर करतो. आई-वडिलांनी अशा वेळी फोन काढून घेऊन मुलालाच शिक्षा करू नये. आधी त्याला जवळ बसवून विचारावे. आलेल्या मजकुराचे छायाचित्र जपून ठेवावे, तारीख-वेळ लिहावी, मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्यावी. त्याने भागले नाही तर पोलिसांकडे जावे. इंटरनेटवरून केलेला जातीय अपमानही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. मात्र आपल्या मुलानेही कुणाची टिंगल पुढे पाठवू नये. सम्यक वाचा फोनवरही पाळायची असते.

तपासून घ्या

नवीन एक गोष्ट दोन-तीन वर्षांत वर्गात शिरली आहे. प्रश्न टाकला की फोन स्वतःच निबंध लिहून देतो. तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. आमच्या वर्गातील एका मुलाने महाडच्या सत्याग्रहावर असेच तयार उत्तर उतरवून आणले. भाषा झकास, अक्षर मोत्यासारखे. आणि मनुस्मृती दहनाची तारीख २० मार्च! चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले ते २० मार्च १९२७ रोजी. मनुस्मृतीचे दहन झाले त्याच वर्षी २५ डिसेंबरला. दोन घटनांची फोनने एक करून टाकली होती आणि मुलाला त्याचा पत्ता नव्हता. मी त्याला रागावलो नाही. कपाटातील चरित्र काढून हातात दिले आणि म्हटले, आता तूच शोध. अर्ध्या तासाने त्याने दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या. त्या तो आता विसरणार नाही.

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. कुणी सांगितले, फार लोक मानतात, ग्रंथात आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रत्येक संदेशाला लागू आहे. आपल्या लोकांनाही ती लागू आहे, कारण बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीही न उच्चारलेली वाक्ये सजवून पाठवणारे आपल्यातही कमी नाहीत.

विहारात दिवा लागू द्या

मग करायचे काय? फोन फेकून द्यायचा? मुळीच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो, प्रवेशाच्या याद्या संकेतस्थळावर लागतात. ज्याला हे येत नाही तो मागे पडतो. स्वीडनसारख्या संपन्न देशाने २०२३ साली वर्गात पुन्हा छापील पुस्तके आणण्यासाठी मोठा निधी दिला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आली. त्यांचे ते पाहतील. आपल्याला आपल्या परिस्थितीत मार्ग काढायचा आहे, आणि तो जवळच सापडतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात. कायदा नाही, दंड नाही, गावाने मिळून ठरवले एवढेच. हे एका खेड्याला जमते, तर आपल्या वस्तीला का जमू नये?

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. सकाळी वंदना होते, पौर्णिमेला कार्यक्रम होतो, उरलेले दिवस पुष्कळ ठिकाणी कुलूप असते. बाबासाहेबांनी १९२५ साली सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह उघडले, ते घरी जागा नसलेल्या मुलांना बसायला जागा मिळावी म्हणून. आज तेच काम विहार करू शकतो. संध्याकाळी सात ते नऊ विहार उघडा. दोन चांगले दिवे, चार चटया, एक कपाट पुस्तके पुरेत. वर्गणीतून एक जुना संगणक घ्या. पहिला दीड तास सर्व फोन एका टोपलीत. शेवटचा अर्धा तास फोन काढून सर्वांनी मिळून, मोठ्या माणसाच्या देखत, अभ्यासाचा पाठ पाहायचा आणि पाहिलेले दुसऱ्याला समजावून सांगायचे. वस्तीतील महाविद्यालयीन मुलामुलींनी आळीपाळीने एकेक दिवस द्यावा. ज्या मुलीला घरी फोन मिळत नाही तिचा क्रमांक पहिला.

घरासाठीही थोडे सांगतो. जेवताना फोन नको, बापाचाही नको. झोपताना फोन मुलाच्या उशाशी नको. बहुतेक समाजमाध्यमांच्याच नियमाप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलाचे खाते चालत नाही. खोटे वय घालून ते उघडून देऊ नका. आईला इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. तिने रोज रात्री एवढेच विचारावे, “आज काय शिकलास, मला सांग.” सांगता आले तर मूल शिकले. सांगता आले नाही तर ते नुसते पाहत बसले.

रामजीबाबांकडे फोन नव्हता, पगार मोठा नव्हता, खोली दुसरी नव्हती. वेळ होता, तोही आपल्या झोपेतून काढलेला. आपल्या मुलांना आज दोनपर्यंत जागणारा बाप नको आहे. संध्याकाळचे दीड-दोन तास टीव्ही बंद करून शेजारी बसणारा बाप, बसणारी आई पुरे आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा हा विषय काढा आणि त्याच दिवशी किल्ली कुणाकडे राहील ते ठरवून उठा.

जयभीम! नमो बुद्धाय!