उपग्रहाच्या साह्याने नदीखोऱ्याचा पाणी-ताळेबंद : अर्कावतीचा धडा

बंगळूरुतील शिवाजीनगर आणि आसपासच्या मध्यवर्ती वस्त्यांच्या नळांना आज प्रामुख्याने कावेरीचे, सुमारे १०० किलोमीटरवरून उचलून आणलेले पाणी येते. एके काळी शहराची तहान जवळची अर्कावती नदी भागवीत असे. या नदीवर १८९४ मध्ये हेसरघट्टा आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथे जलाशय उभे राहिले. पुढे मात्र या जलाशयांत येणारे पाणी घटत गेले. पाऊस कमी झाला, की पडलेले पाणी वाटेतच खर्ची पडले? या प्रश्नाचा उलगडा करण्यास उपग्रहीय सुदूर संवेदनाची मोठी मदत झाली.

ताळेबंदाचे सूत्र

खोऱ्यात पडलेल्या पावसाला तीन वाटा असतात. काही पाणी नदीवाटे वाहून जाते, काही जमिनीत व जलाशयांत साठते आणि उरलेले जमीन व पिकांवाटे वाफ होऊन हवेत जाते. या शेवटच्या वाटेला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. कोरडवाहू प्रदेशात बहुधा हाच खर्च सर्वांत मोठा असतो. परंतु तो डोळ्यांना दिसत नाही आणि हिशेबातून निसटतो. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले, म्हणजे १०,००० लिटर पाणी गेले.

उपग्रह काय टिपतो?

उपग्रह पाणी थेट मोजत नाही. तो प्रकाश, उष्णता वा गुरुत्वाकर्षणातील फरक टिपतो आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जीपीएम मोहिमेतून सुमारे १० किलोमीटरच्या चौकटीत दर अर्ध्या तासाचा पर्जन्य-अंदाज मिळतो. लँडसॅटचे औष्णिक संवेदक पृष्ठभागाचे तापमान देतात. पुरेसे पाणी मिळालेले पीक थंड राहते, तर कोरडी जमीन तापते; या फरकावरून बाष्पपर्णोत्सर्जन काढता येते. ग्रेस उपग्रहांची जोडी भूजलासह एकूण साठ्यातील बदल सांगते. मात्र तिचा अंदाज लाखो चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठी विश्वसनीय ठरतो. सुमारे ४,००० चौरस किलोमीटरच्या अर्कावती खोऱ्यासाठी विहिरींच्या पातळीलाच पर्याय नाही.

अर्कावतीत काय आढळले?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९७३ ते २०१० या काळातील लँडसॅट प्रतिमांवरून या खोऱ्यातील सुमारे १,७०० तलावांचे जलक्षेत्र तपासण्यात आले. पावसाच्या चढउतारांचा प्रभाव वजा केल्यावरही उत्तर भागातील तलावांचे पाणी घटत गेल्याचे दिसले, तर बंगळूरुच्या खालच्या बाजूस ते वाढले. ही वाढ शहरी सांडपाण्यामुळे झाली असावी. पावसात मात्र लक्षणीय घट वा वाढ नव्हती. जलक्षेत्रातील घटीचा सर्वांत घनिष्ठ संबंध भूजलावर अवलंबून असलेल्या बागायतीशी आढळला. आकाश तेवढेच बरसत होते. खर्चाची बाजू बदलली होती.

मर्यादा

८०० मिलिमीटर पावसाच्या अंदाजात पाच टक्के चूक, म्हणजे ४० मिलिमीटर. ४,००० चौरस किलोमीटरवर हे पाणी १६ कोटी घनमीटर, अर्थात सुमारे साडेपाच टीएमसी होते. एवढ्या चुकीत नदीचा प्रवाहच झाकला जाऊ शकतो. ढगाळ पावसाळ्यात औष्णिक प्रतिमाही मिळत नाहीत. म्हणून पर्जन्यमापक, निरीक्षण विहिरी आणि नाल्यांवरील मोजमाप यांच्याशी पडताळणी अनिवार्य ठरते.

गावपातळीवर उपयोग

महाराष्ट्रातही अटल भूजल योजनेतून ग्रामपंचायतींचे पाणी-ताळेबंद तयार झाले. अशा ताळेबंदात साठवणीबरोबरच पिकांच्या खर्चाचा रकानाही तितक्याच काटेकोरपणे भरला पाहिजे. ठिबक सिंचनाने वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढवले, तर शेतात बचत दिसते, पण खोऱ्याचा एकूण खर्च वाढतो. विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच विहिरींची पातळी नोंदवून, रब्बीतील बागायती क्षेत्र उपग्रह प्रतिमांवर तपासावे आणि दोन्ही आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. उपलब्ध पाणी पाहून पीक ठरवण्याचा निर्णय अखेर तेथेच व्हावयाचा आहे.