द्राक्षातील डाऊनी : पानाच्या पेशीत नेमके काय घडते?

गोडी बहार छाटणीनंतर पाऊस किंवा दाट दव पडले, की द्राक्षबागायतदारांना पहिली भीती वाटते ती केवडा म्हणजेच डाऊनी मिल्ड्यूची. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळाच्या काळातील अवकाळी पावसानंतर राज्यातील अनेक बागांचे या रोगाने मोठे नुकसान केले. महागडी फवारणी करूनही डाऊनी थांबत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. रोगकारक पानात कुठे आहे आणि पेशीशी काय करतो आहे, हे समजले तर कोणते औषध केव्हा उपयोगी पडेल हे ठरवता येते.

पानाची पेशी

पान लाखो पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची कडक भिंत आणि तिच्या आत पातळ पडदा असतो. भिंत आधार देते, तर आत काय येणार व बाहेर काय जाणार हे पडदा ठरवतो. आतील हरितलवके सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. हेच अन्न घडाकडे जाते. द्राक्षाच्या पानाची वरची बाजू मेणचट थराने झाकलेली असते. हवेची ये-जा करणारी पर्णरंध्रे खालच्या बाजूला असतात. डाऊनी याच दारातून आत येतो.

रोगकारकाचा प्रवेश

डाऊनीचे बीजाणू ओल्या पानावर पडले, की त्यातून शेपटीसारखे तंतू असलेले सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. ते पाण्याच्या थरातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. पान कोरडे असेल तर हा प्रवास होत नाही. आत शिरल्यावर रोगकारकाचे धागे पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत वाढतात. तेथून ते पेशीची भिंत भेदून शोषक अवयव आत घुसवतात. मात्र पेशीचा पडदा ते फाडत नाहीत. तो आत दाबला जातो. कारण या रोगकारकाला जिवंत पेशीच हवी असते. मेलेल्या पेशीतून त्याला अन्न मिळत नाही.

त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस पान निरोगी दिसते, पण आत लूट सुरू असते. हरितलवके नष्ट होऊ लागली की पानावर फिकट पिवळे, तेलकट डाग दिसतात. अनुकूल हवामानात यासाठी साधारण ५ ते ७ दिवस लागतात. रात्री आर्द्रता जास्त असल्यास पर्णरंध्रांतून बीजाणू बाहेर येतात आणि सकाळी पानाखाली पांढरी वाढ दिसते. शेवटी पेशी मरतात व डाग तपकिरी होतो.

फुलोरा आणि मणी धरण्याच्या काळात कोवळ्या मण्यांवरही उघडी रंध्रे असतात. त्यामुळे हा काळ सर्वांत धोक्याचा असतो. मणी मोठे झाल्यावर ही रंध्रे बंद होतात आणि थेट प्रादुर्भाव कमी होतो.

भुरीचे औषध डाऊनीवर का चालत नाही?

भुरी ही खरी बुरशी आहे. ती पानाच्या पृष्ठभागावर राहते आणि फक्त वरच्या थरातील पेशींतून अन्न शोषते. तिच्या पेशीच्या पडद्यात तिने स्वतः तयार केलेले स्टेरॉल असते. हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल यांसारखी बुरशीनाशके हे स्टेरॉल तयार होणे थांबवतात. डाऊनीचा रोगकारक खरी बुरशी नाही, तो पाण्यातील शेवाळाच्या जवळचा आहे. तो स्वतः असे स्टेरॉल तयार करत नाही, म्हणून ही औषधे त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. त्याच्या पेशीभिंतीत सेल्युलोज असते. डायमेथोमॉर्फसारखी औषधे ही भिंत तयार होण्यातच अडथळा आणतात.

डॉगरिज खुंटाने डाऊनी टळतो का?

नाही. डाऊनी मूळचा अमेरिकेतील. तेथील काही जंगली द्राक्षांत बाधित पेशी स्वतःच झटपट मरते आणि रोगकारकाची उपासमार होते. थॉमसन सीडलेससारख्या जातींत ही क्षमता जवळपास नाही. खुंट डॉगरिजचा असला तरी वरच्या पानांच्या पेशी कलम केलेल्या जातीच्याच असतात.

व्यवस्थापनात लक्षात ठेवा

- मोरचूदयुक्त किंवा मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य बुरशीनाशके पानाबाहेरच्या बीजाणूंवरच काम करतात. ती पाऊस किंवा दव येण्यापूर्वी पानावर असावीत, तीही खालच्या बाजूपर्यंत पोहोचलेली.
- प्रादुर्भाव झाल्यावर आंतरप्रवाही बुरशीनाशकाचा उपयोग पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त होतो. तेलकट डाग दिसेपर्यंत थांबू नये.
- तपकिरी झालेला डाग पुन्हा हिरवा होत नाही. फवारणीचे यश नवीन पानांवर डाग येतात का, यावरून तपासावे.
- आंतरप्रवाही औषधे बहुधा रोगकारकाच्या पेशीत एकाच ठिकाणी काम करतात. तेच औषध वारंवार फवारल्यास प्रतिकारक्षमता तयार होते. म्हणून गट बदलावा.
- फेलफुटी वेळेवर काढाव्यात, दाटी कमी करावी. हवा खेळती राहिली की पाने लवकर सुकतात.
- लेबल क्लेम, मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी पाहूनच औषध निवडावे. निर्यातीच्या बागेसाठी मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामातील यादी तपासावी.