मांजराची निश्चलता आणि मनाची निश्चलता

मांजराच्या शांतपणाचे अनेकांना कौतुक वाटते. त्याच्याकडून मनुष्याने धीर आणि एकाग्रता शिकावी, असेही म्हटले जाते. पाली साहित्याचा अभ्यासक मात्र येथे थोडा थांबतो. कारण त्या साहित्यात मांजर अनेकदा आदर्श म्हणून नव्हे, इशारा म्हणून येते.

संयुत्त निकायातील ओपम्म संयुत्तात 'बिळार सुत्त' आहे. उकिरड्यापाशी एक मांजर उंदराची वाट पाहत निश्चल उभे असते. उंदीर बाहेर येताच ते त्याला घाईघाईने गिळते. गिळलेला उंदीर आतून त्याची आतडी कुरतडतो व मांजर मरणप्राय दुःख भोगते. काया, वाचा व मन यांचे रक्षण न करता, स्मृती जागृत न ठेवता गावात भिक्षेला जाणाऱ्या भिक्खूस तथागतांनी ही उपमा दिली आहे. मांजराजवळ एकाग्रता होती. परंतु तिच्या मुळाशी तृष्णा होती. केवळ एकाग्रता म्हणजे सम्यक समाधी नव्हे.

दुसरी निश्चलता दांभिकाची. 'बिळार जातका'तील गाथेत मांजराच्या व्रताचा उल्लेख आहे. गद्य कथेत मात्र ते व्रत कोल्हा आचरतो. तो एका पायावर उभा राहतो आणि सांगतो की, चारही पाय टेकले तर पृथ्वीला भार सोसणार नाही. आपण केवळ वायुभक्षण करतो. उंदीर त्याला वंदन करून परततात आणि शेवटचा उंदीर रोज नाहीसा होतो. अखेर उंदरांचा राजा आपल्या समूहाची घटती संख्या पाहून ढोंग ओळखतो. बाह्य आचारावरून धार्मिकता ठरवू नये, परिणाम तपासावा, हा बोध आजही आवश्यक आहे.

तिसरा दृष्टान्त मज्झिम निकायातील 'ककचूपम सुत्ता'चा. मांजराच्या कातड्याची पिशवी मळून, चोळून इतकी मऊ केली आहे की, काठीने वा खापराने कितीही डिवचले तरी ती खरखरत नाही. लोक खरे बोलोत वा खोटे, मृदू बोलोत वा कठोर, आपले चित्त त्या पिशवीसारखे मैत्रीयुक्त असावे, असा हा उपदेश आहे. कातडे मूळचे असे नसते. ते कमवावे लागते. मनाची मृदुताही जन्माने लाभत नाही, ती साधनेने कमवावी लागते.

ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या अपशब्द सोसले, त्याला हा उपदेश मुकाट्याने सोसण्याचा वाटू शकतो. तसा त्याचा अर्थ नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर सनातन्यांनी हल्ला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. परंतु तळ्यावरील हक्क सोडला नाही. न्यायालयीन लढा चालू राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला. द्वेष नाही आणि माघारही नाही, अशी ती निश्चलता होती.

म्हणून उपासक-उपासिकांनी शांत बसताना स्वतःला एवढेच विचारावे : ही शांतता उकिरड्याजवळच्या मांजराची आहे, एका पायावरच्या कोल्ह्याची आहे, की कमावलेल्या चित्ताची?