विभागाचे नियतकालिक आणि विद्याशाखेची घडण : कोलंबियातील एका त्रैमासिकाच्या निमित्ताने

विद्यापीठातील एखाद्या विभागाने स्वतःचे संशोधनपर नियतकालिक चालवावे, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागील भूमिकेचा शोध घ्यावा असे सहसा कोणास वाटत नाही. नियतकालिक हे संशोधनाचे केवळ वाहन आहे, संशोधन आधी होते आणि नंतर ते छापले जाते, असे आपण गृहीत धरतो. ज्ञानव्यवहाराचा इतिहास पाहता हे गृहीत पुरेसे नाही. विद्याशाखेच्या सीमा कोणत्या, तिच्यात बोलण्याचा अधिकार कोणाचा आणि ते बोलणे कोणत्या भाषेत व्हावयाचे, हे तीन प्रश्न नियतकालिकाच्या पानांवर प्रत्यक्ष सोडविले जातात. राज्यशास्त्र या विषयाच्या एका जुन्या त्रैमासिकाच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. या त्रैमासिकाचा जेथे जन्म झाला त्या विद्याशाखेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शिक्षण झाले असल्याने मराठी अभ्यासकाला हा विषय परका नाही.

१. पार्श्वभूमी

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राज्यविषयक अध्ययन स्वतंत्र नव्हते. कायदा, इतिहास आणि नीतिशास्त्र यांच्या आश्रयाने ते चाले. ज्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी जर्मनीतील विद्यापीठांत शिक्षण घेतले, त्यांनी परतताना परिसंवाद पद्धती आणि मूळ साधनांवर आधारलेल्या संशोधनाचा आग्रह सोबत आणला. जॉन बर्जेस हे त्यांपैकी एक. १८७६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात आले आणि १८८० मध्ये त्यांच्या पुढाकाराने तेथे राज्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी ‘अकादमी ऑफ पोलिटिकल सायन्स’ ही संस्थाही निघाली. या घडामोडीतून १८८६ च्या मार्च महिन्यात ‘पोलिटिकल सायन्स क्वार्टर्ली’ या त्रैमासिकाचा पहिला अंक प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन कोलंबियातील राज्यशास्त्राच्या अध्यापकवर्गाकडे होते.

येथे कालक्रम महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या अभ्यासकांची राष्ट्रीय संघटना १९०३ साली स्थापन झाली आणि तिचे मुखपत्र १९०६ पासून निघू लागले. म्हणजे विषयाची देशव्यापी संघटना अस्तित्वात येण्यापूर्वी सुमारे सतरा वर्षे एका विद्यापीठाचे त्रैमासिक त्या विषयाच्या नावाने उभे होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानेही इतिहास व राज्यशास्त्र या विषयांची प्रबंधमाला १८८० नंतरच्या आरंभीच्याच वर्षांत सुरू केली होती. विषय स्थिर झाला आणि मग त्याचे नियतकालिक निघाले, असा क्रम येथे दिसत नाही. नियतकालिक निघाले आणि त्याच्या आधाराने विषय स्थिरावत गेला.

२. सीमा ठरविणे

पहिल्या अंकाचा आरंभ मन्रो स्मिथ यांच्या प्रास्ताविक लेखाने झाला. राज्यशास्त्राचे क्षेत्र कोणते, हाच त्या लेखाचा विषय होता. त्रैमासिकाच्या उपशीर्षकात राजकारण, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक विधी या तिन्हींचा ऐतिहासिक, सांख्यिकीय व तुलनात्मक अभ्यास असे आपले क्षेत्र सांगितले होते. ही यादी आज वाचताना विस्तृत वाटते, पण तिच्यात निवडही आहे. राज्य हे केंद्रस्थानी ठेवून अर्थव्यवहार व कायदा त्याच्या संबंधात पाहावयाचा, केवळ आदर्शांचे चिंतन पुरेसे मानावयाचे नाही, असा पवित्रा तिच्यातून व्यक्त होतो.

या चौकटीचे दोन परिणाम उदाहरणादाखल नोंदविता येतील. जून १८८७ च्या अंकात वुड्रो विल्सन यांचा प्रशासनाच्या अभ्यासावरील लेख प्रसिद्ध झाला. विल्सन तेव्हा एक तरुण अध्यापक होते. अमेरिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे १९१३ साली आले. कायदे कोणते असावेत याच्या चर्चेइतकेच ते अमलात कसे आणावेत याचेही शास्त्र असले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. लोकप्रशासन हा विषय शिकविणाऱ्या पुढील पिढ्यांनी हा लेख आपल्या विषयाचा आरंभबिंदू मानला. डिसेंबर १९४१ मध्ये त्याच त्रैमासिकाने तो पुन्हा छापला. चौपन्न वर्षांनी एखादा लेख पुन्हा छापणे, ही विद्याशाखेने आपला पूर्वेतिहास रचण्याचीच एक रीत होय. दुसरे उदाहरण एडविन सेलिग्मन यांचे. इतिहासाच्या आर्थिक मीमांसेवरील त्यांचे विवेचन प्रथम या त्रैमासिकातून लेखरूपाने आले आणि १९०२ मध्ये ग्रंथरूप झाले. ग्रंथापूर्वी विचाराची पारख करून घेण्याची जागा हे नियतकालिकाचे कार्य येथे स्पष्ट दिसते.

लेखांखेरीज ग्रंथपरीक्षणे आणि राजकीय घटनांची नोंद यांनाही त्रैमासिकात स्थान होते. या गौण वाटणाऱ्या सदरांचे महत्त्व कमी नाही. कोणत्या ग्रंथाची दखल घ्यावयाची आणि कोणती घटना नोंदविण्याजोगी मानावयाची, या छोट्या निर्णयांतूनच विषयाची दैनंदिन कक्षा ठरत जाते.

३. अधिकार कोणाचा

विभागाचे नियतकालिक विभागातील अध्यापकच संपादित करतात, तेव्हा त्याला एक वैचारिक सलगता लाभते. तीच सलगता दोषही ठरू शकते. कोलंबियाच्या संदर्भात याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या कालखंडाचे, म्हणजे स्थूलमानाने १८६५ ते १८७७ या वर्षांचे, इतिहासलेखन. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना या काळात मताधिकार मिळाला आणि दक्षिणेकडील विधिमंडळांत त्यांचे प्रतिनिधी बसले. कोलंबियातील विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी या प्रयोगाचे चित्रण प्रामुख्याने भ्रष्टाचार, अनागोंदी व अपात्रांच्या हाती गेलेली सत्ता असे केले. बर्जेस यांची मतेही कृष्णवर्णीयांच्या राजकीय पात्रतेविषयी उघड पूर्वग्रहाची होती. डनिंग हे १८९४ ते १९०३ या काळात या त्रैमासिकाचे व्यवस्थापकीय संपादक होते, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे काही प्रबंध १८९१ पासून निघणाऱ्या कोलंबियाच्या प्रबंधमालेतून छापले गेले. मार्गदर्शक, परीक्षक, संपादक आणि प्रकाशक ही सर्व कार्ये एकाच छपराखाली एकवटली म्हणजे एखादे मत सिद्धान्ताच्या पदवीला किती सहज पोहोचते, हे यावरून ध्यानात यावे. हे लेखन साधनांच्या दृष्टीने आळशी नव्हते. कागदपत्रे तपासलेली होती. मात्र ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्यांची साक्ष त्यात अभावानेच होती.

या चित्रणाला डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी उत्तर दिले. पुनर्रचनेच्या काळात दक्षिणेत सार्वजनिक शाळा आणि नवे सामाजिक कायदे आले, हे दाखविणारा त्यांचा निबंध १९१० मध्ये अमेरिकन इतिहास संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्या प्रसंगी एक वाद झाला. आपल्या समाजाचे नाव मोठ्या आद्याक्षराने छापले जावे, अशी डुबॉइस यांची मागणी होती आणि संपादकांनी ती मानली नाही. वरवर पाहता हा मुद्रणशैलीचा प्रश्न. पण एखाद्या समूहास विशेषनामाचा मान द्यावयाचा की नाही, हा निर्णय त्यात दडला होता. भाषेच्या अभ्यासकाने हे उदाहरण विसरू नये. नियतकालिकाचा शैलीसंकेत कधीही केवळ मुद्रितशोधकाचा विषय नसतो. पुढे १९३५ मध्ये डुबॉइस यांचा या विषयावरील बृहद्ग्रंथ आला. त्यातील मांडणीला विद्यापीठीय इतिहासलेखनात व्यापक मान्यता मिळण्यास त्यानंतरही काही दशके जावी लागली.

४. आंबेडकरांचे दोन वाचकवर्ग

१९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. त्या वेळी सेलिग्मन आणि डनिंग दोघेही तेथे अध्यापन करीत होते. आंबेडकरांचे प्रबंधकार्य सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. १९१६ च्या मे महिन्यात मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध पुढील वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये आला. हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावरील लेख आणि बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे परीक्षण हे दोन्ही १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. परिसंवादातील निबंध, पत्रिकेतील लेख, ग्रंथपरीक्षण आणि प्रबंध हे विद्यापीठीय लेखनाचे चारही प्रकार त्यांनी अल्पावधीत हाताळले होते.

यानंतर ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ ही पाक्षिके त्यांनी मराठीतून सुरू केली. ही दोन लेखनक्षेत्रे परस्परांपासून तुटलेली मानण्याची प्रथा आहे : इंग्रजीतले ते शास्त्र आणि मराठीतली ती चळवळ. ही विभागणी तपासून पाहावयास हवी. पुरावा मांडणे, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण उद्धृत करून मग त्याचे खंडन करणे, संज्ञेची व्याख्या करून मगच ती वापरणे ही शिस्त त्यांच्या मराठी अग्रलेखांतही आढळते. वेगळा होता तो वाचक. इंग्रजी पत्रिकेचा वाचक विषयाचा जाणकार होता. पाक्षिकाचा वाचक त्या विषयाचा भोक्ता होता. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याच्यापर्यंत लेखन पोहोचलेच पाहिजे, ही अट कोलंबियाच्या त्रैमासिकाने स्वतःवर घातलेली नव्हती. मराठी पाक्षिकाचा तर तो पायाच होता. पुनर्रचनेच्या इतिहासलेखनात जी उणीव राहिली तिच्याशी हे ताडून पाहिले असता दोहोंतील अंतर नेमके कळते.

५. मराठीचा प्रश्न

मराठीत विद्वत्तापूर्ण नियतकालिकांची परंपरा विद्यापीठीय विभागांहून जुनी आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये आणि चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये निघाली, तेव्हा मराठीच्या स्वतंत्र पदव्युत्तर विभागाची कल्पनाही दूर होती. त्यामुळे आपल्याकडे ज्ञानचर्चेची भाषा प्रथम विद्यापीठाबाहेर घडली. विभागीय पत्रिकांना तयार गद्याचा वारसा मिळाला, पण सामाजिक शास्त्रांच्या परिभाषेचे काम मोठ्या प्रमाणात शिल्लक राहिले.

परिभाषाकोशांनी ते बरेचसे केले. मात्र कोशात दिलेला प्रतिशब्द वापरातून सिद्ध व्हावा लागतो, आणि तो वापर नियतकालिकातच होतो. ‘राज्य’ हाच शब्द पाहा. सार्वभौम राजकीय संस्था, संघराज्यातील घटक आणि एखाद्या राजाची कारकीर्द हे तिन्ही अर्थ मराठीत तो एकटा वाहतो. म्हणूनच लेखकांना ‘राज्यसंस्था’, ‘घटकराज्य’ असे भेद करावे लागले. ग्राम्शीच्या विचाराची चर्चा मराठीत सुरू झाली तेव्हा ‘वर्चस्व’ हा परिचित शब्द अपुरा वाटून ‘धुरीणत्व’ पुढे आला. संमतीने स्वीकारलेले पुढारपण आणि बळाने लादलेली सत्ता यांतील भेद त्यामुळे मराठीत मांडता येऊ लागला. अशी संज्ञा एका लेखात योजली जाते, दुसऱ्यात तिच्यावर आक्षेप येतो, तिसऱ्यात तिचा अर्थ नेमका होतो. या क्रमाला पुनःपुन्हा भेटणारा एकच वाचकवर्ग लागतो, आणि तो नियतकालिकावाचून निर्माण होत नाही.

अलीकडच्या काळात या क्रमाला वेगळे वळण मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या नियुक्ती व पदोन्नतीसाठी प्रकाशनांचे गुणांकन आणले. पुढे मान्यताप्राप्त पत्रिकांच्या याद्या आल्या. २०१८-१९ मध्ये सुरू झालेली ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली आणि पत्रिकांची पारख पुन्हा शिक्षणसंस्थांकडे सोपविली. यादीमुळे बनावट पत्रिकांना आळा बसावा हा हेतू रास्त होता. परंतु लेख कोठे छापला यावरून तो काय म्हणतो हे ठरू लागले की वाचनाची जबाबदारी सुटते. आता ती जबाबदारी विभागांकडे परत आली आहे, आणि कोलंबियाचा इतिहास या प्रसंगी दोन्ही बाजूंनी उपयोगी पडावा. मूठभर अध्यापकांचे त्रैमासिक एका विद्याशाखेला आकार देऊ शकते, हे त्यातून दिसते. तेच मूठभर अध्यापक आपल्याच विद्यार्थ्यांचे परीक्षक आणि प्रकाशक झाले, तर एक अन्याय्य मत पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानले जाऊ शकते, हेही दिसते.

म्हणून विभागीय पत्रिकेच्या संपादकमंडळात विभागाबाहेरचा किमान एक वाचक असावा, आपल्याच प्रबंधांवरील प्रतिकूल परीक्षणाला तिच्यात जागा असावी आणि ज्या समाजाविषयी लेख आहे त्या समाजातील जाणत्या वाचकाला तो समजेल अशी त्याची मराठी असावी, या तीन अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाहीत. त्यांपैकी पहिल्या दोन कोणत्याही भाषेतील पत्रिकेला लागू पडतात. तिसरी मात्र मराठी पत्रिकेची स्वतःची आहे, आणि ती पुरी करण्याचे काम आपल्यावतीने दुसरे कोणी करणार नाही.