इंचाचे नट, मिलिमीटरचं इंजिन: रायगड किनाऱ्यावरची जुनी जीप

महिंद्राच्या एमएम ५४० जीपखाली शिरायचं तर पान्यांचे दोन संच जवळ हवेत. ॲक्सल, यू-बोल्ट, ट्रान्सफर केस इथले बरेच नट इंचाच्या मापाचे आणि इंजिनाचे मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या नटावर तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो. नवा, तेलातला नट त्याने सुटेलही. गंजून धरलेल्या नटावर मात्र जोर लावला की पाना घसरतो, नटाच्या कडा झिजतात आणि दहा मिनिटांचं काम छिन्नी-हातोड्यावर जातं. अलिबाग-रेवदंड्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत ज्या अंगणात अजून अशी जीप उभी आहे, तिथे हा धडा पहिल्याच उन्हाळ्यात मिळतो.

या दोन मापांमागे गाडीचा सगळा इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. त्याच काळात मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू झाली. विलीजने १९५३ मध्ये सीजे-३बी हे मॉडेल आणलं. त्यातल्या नव्या इंजिनाचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. अमेरिकेत ही गाडी बंद झाल्यावरही आपल्याकडे तिचा साचा कित्येक वर्षं चालू राहिला.

पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा डिझेल आलं, तेही आडवाटेने. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. त्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. नंतर फ्रान्सच्या पेजोचं २,११२ सीसीचं ‘एक्सडीपी ४.९०’ हे इंजिन आलं. एमएम ५४०च्या बॉनेटखाली असतं ते हेच. अमेरिकन सांगाड्यात फ्रेंच इंजिन बसलं, म्हणून पान्यांचे संच दोन.

मूळ जीप दुसऱ्या महायुद्धासाठी बनली होती. रणभूमीवर सैनिकाने हातातल्या अवजारांनी ती उघडावी, बिघडलेला भाग काढावा, दुसरा बसवावा आणि पुढे जावं, या हिशेबाने तिची रचना झाली. आपल्याकडे तीच रचना तहसील कचेरी, पोलीस ठाणी, वन खातं आणि पाटबंधारे खातं यांच्या दिमतीला आली. सरकारी लिलावांतून आणि लष्कराच्या डिस्पोजलमधून ती खासगी घरांत पोहोचली. नारळ-सुपारीच्या वाडीतली पाखाडी, डोंगरावरच्या आमराईचा चढ, पावसाळ्यातला लाल चिखल यांना ती पुरून उरली.

किनाऱ्यावर मात्र तिला चिखलापेक्षा मोठा शत्रू भेटतो. त्याच्यापुढे वर्षातून दोनदा गॅरेजला सोडलेली जीप टिकत नाही. ज्या घरातलं कोणी ना कोणी दर आठवड्याला तिच्याखाली वाकून बघतं, तिथेच ती टिकते.

मीठ काय करतं

लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि पत्र्यावर मिठाचा थर सोडतात. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. म्हणजे पाऊस नसतानाही लोखंड रात्रभर खाऱ्या पाण्यात असतं. हे सगळ्यांत जास्त घडतं ते जोडावर: दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे, कमानीच्या पाट्यांमध्ये, बॉडी चासीवर टेकते त्या रबरांखाली. चासीच्या कोपऱ्यांत जांभ्याचा चिखल साचला की तो हे पाणी धरून ठेवतो. वरून रंग शाबूत आणि आतून पत्रा पापुद्र्यासारखा, अशी गाडी किनाऱ्यावर नेहमी दिसते.

म्हणून पहिली दुरुस्ती म्हणजे धुणं, आणि तेही खालून. पाणी गोडच हवं. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ पुन्हा चोपडणं. धुऊन, वाळवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर लोखंड भरीव आहे, बद्द आवाज आला तर तिथे गंज पोखरतो आहे. खालून काळं ऑइल मारायची जुनी रीत आहे, पण ते रबरी बुश फुगवतं, ब्रेकच्या ड्रमात गेलं तर ब्रेक लागत नाही आणि पावसात वाहून विहिरीकडे जातं. गंज खरवडून प्रायमर आणि रंग लावणं, पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक फवारणं, याला वेळ लागतो पण ते टिकतं.

ओहोटीच्या ओल्या वाळूत गाडी घालून हौस फेडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. चाललेल्या गाडीचा ॲक्सल गरम असतो. तो अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा लेव्हल प्लग उघडून बोट घालावं. ऑइल दुधाळ निघालं तर ते तेव्हाच बदलायचं. तसंच राहू दिलं तर बेअरिंग आणि गिअर जातात, आणि तो खर्च ऑइलच्या डब्याच्या कित्येक पट असतो. उधाणाच्या भरतीत किनाऱ्यावर अडकलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात. त्या बाहेर आल्या तरी त्यांचं खरं नुकसान त्यानंतर सुरू होतं.

सेल्फ मारला आणि नुसतं ‘टक’

जुन्या डिझेल जीपमधला दोष शोधणं सोपं आहे, कारण तिच्या मागण्या थोड्या आहेत. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, स्वच्छ डिझेल योग्य वेळी सिलिंडरमध्ये पोहोचलं पाहिजे, हवा मिळाली पाहिजे आणि ती दाबून तापली पाहिजे. थंडीत हीटर प्लग मदतीला असतात. दोष यांपैकी कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरेपर्यंत पाना उचलू नये, हा घरच्या दुरुस्तीचा पहिला नियम.

किनाऱ्यावर सर्वांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे सेल्फ मारला की नुसतं ‘टक’ वाजतं. बहुतेक जण बॅटरीला दोष देतात, नवी बॅटरी आणतात आणि महिन्याभरात तक्रार पुन्हा उभी राहते. आधी बॅटरी मोजावी. रात्रभर उभ्या गाडीत चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ती ठीक असेल तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर धरावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर करंट अर्थिंगच्या पट्टीत अडतो आहे. मीटर नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून जंपर केबलने निगेटिव्ह खांब थेट इंजिनाला जोडावा. सेल्फ लगेच जोरात फिरला तर उत्तर मिळालं. चासीवर पट्टी बसते तिथला बोल्ट काढला की खाली हिरवी-पांढरी भुकटी दिसते. तारेच्या ब्रशने लोखंड चकचकीत करून, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं की काम संपलं. खर्च जवळजवळ शून्य.

दुसरी तक्रार: सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी सुरू होत नाही किंवा सुरू होऊन बंद पडते. याला आपल्याकडे ‘डिझेलने हवा धरली’ म्हणतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचं डिझेल ओढलं जातं, त्यामुळे त्या नळीला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणून गळती नाही असं मानणारे इथेच फसतात. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करून हँड प्रायमर मारत राहावं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. तेव्हा स्क्रू आवळायचा. हवा पुन्हा पुन्हा धरत असेल तर फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा बसवावा आणि टाकीपासून एकेक जोड तपासत यावं. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. एक खबरदारी मात्र प्राणाइतकी जपायची: इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

चालू इंजिनाचा धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून आधी एअर फिल्टर बघावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झालेल्या इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये जाणारं पाणी. रेडिएटरचं पाणी घटतंय का आणि ऑइलची पट्टी दुधाळ आहे का, हे लगेच बघावं.

पुढची चाकं

या जीपची फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरती वापरायची आहे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मधे फरक भरून काढणारा डिफरन्शियल नसल्यामुळे चिखलात, वाळूत चाकं घसरून तो फरक मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, सगळा ताण जॉइंट आणि गिअरवर येतो आणि लिव्हर अडकून बसतो. अशा वेळी लिव्हरवर जोर करू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की ताण सुटतो.

फोर व्हील टाकूनही पुढची चाकं ओढत नसतील तर दोष शोधायची एक सोपी युक्ती आहे. फ्री व्हील हब असलेल्या गाडीचे दोन्ही हब लॉक करावेत, ट्रान्सफर केस टू-व्हीलवर ठेवावी, पुढचं एक चाक उचलून हाताने फिरवावं. पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरला तर हब आणि ॲक्सल ठीक आहेत, दोष मागे ट्रान्सफर केसमध्ये. शाफ्ट जागचा हलला नाही तर हब उघडायचा. आत बहुधा खारं पाणी शिरून ग्रीसचं चिकट काळं किटण झालेलं असतं.

चाक उचललेलंच आहे तर आणखी एक तपासणी. चाक वर आणि खाली धरून हलवावं. खुळखुळलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं. खुळखुळ थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे, तशीच राहिली तर किंगपिन झिजली आहे. एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरू लागतं, त्यामागे अनेकदा हीच किंगपिन असते.

जॅक लावण्याआधी एक धोका समजून घेतला पाहिजे. विलीजच्या जुन्या रचनेत हँडब्रेक चाकांवर लागत नाही, तो ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक उचललं की शाफ्ट थांबलेला असूनही ते चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं. मग हँडब्रेक ओढलेली गाडी जॅकवरून घरंगळते. म्हणून उरलेल्या चाकांना पुढे-मागे दगड लावावेत, चासीखाली भक्कम टेकू द्यावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये.

भाग आणि कागद

सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं आहेत, कुर्ल्याचा भंगार बाजार आहे, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट येता येतं. अवघड झालं आहे ते माणूस मिळणं. नव्या गाड्यांचा दोष यंत्र जोडून वाचतात, जुनीचा हात, कान आणि नाक लावून वाचावा लागतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पान्यांनी उघडणाऱ्या, संगणक नसलेल्या गाडीची किंमत अशा दिवसांत कळते.

कागदोपत्रीही काळ बदलला आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पेणची एमएच-०६ असो की पनवेलची एमएच-४६, तपासणी होऊन ती एका वेळी ५ वर्षांसाठीच वाढते, आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारींसाठी त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली आणि त्या भंगार केंद्रांकडे जाऊ लागल्या. कचेरीच्या लिलावातून जीप घरी आणण्याची वाट त्यामुळे बंद झाली. आज किनाऱ्यावर ज्या आहेत, त्या जपल्या तरच राहतील.

त्यासाठी दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, काही कामं ठरलेली असावीत: फिल्टरमधलं पाणी काढणं, अर्थिंग साफ करणं, सगळ्या निपलना ग्रीस, ब्रेकचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर बघणं, ॲक्सलचं ऑइल तपासणं. काय केलं, कधी केलं आणि कुठल्या नटाला कुठल्या मापाचा पाना लागला, हे एका वहीत लिहावं. टॉर्च धरायला घरातल्या मुला-मुलींना बोलवावं आणि पुढच्या वर्षी पाना त्यांच्या हातात द्यावा. ज्या घरात हे काम एकाहून जास्त माणसांना येतं, त्या घरची जीप पुढच्या ५ वर्षांच्या नोंदणीच्या तपासणीलाही स्वतःच्या चाकांवर चालत जाईल.