'फॉरेस्ट' म्हणजे झाडं की कायदा?



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची मुलं दोन शब्द सहज वापरतात. "सरपण आणायला जंगलात गेलो" आणि "ती जागा फॉरेस्टची आहे." इंग्रजी शिकवताना आपण 'फॉरेस्ट म्हणजे जंगल' असं सांगून मोकळे होतो. पण मुलांच्या बोलण्यातला फरक बघा. जंगलात आपण जातो, फॉरेस्ट मात्र कोणाच्या तरी मालकीचं असतं! आणि शब्दाचा इतिहास मुलांच्याच बाजूने आहे.

लॅटिनमध्ये 'फोरिस' म्हणजे बाहेर. 'फॉरेस्ट' त्यावरूनच आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्यासोबत हा शब्द तिथे कायद्यात शिरला. राजाच्या शिकारीसाठी राखलेला आणि वेगळ्या वनकायद्याखाली असलेला मुलूख म्हणजे 'फॉरेस्ट'. त्यात माळरान, शेतं, गावंसुद्धा येत. थोडक्यात, झाडं नसली तरी चाले, कायदा लागू असला की झालं.

लोकांना याचा त्रास होताच. 1217 मध्ये 'वनांची सनद' निघाली. राजाचं हरीण मारलं म्हणून यापुढे कुणाचा जीव किंवा हातपाय जाणार नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. लोकांचे चराईसारखे काही हक्कही तिने मान्य केले.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांनी 1865, 1878 आणि 1927 मध्ये वनकायदे केले. 'राखीव वन', 'संरक्षित वन' हे शब्द तिथलेच. 1927 च्या कायद्यात 'फॉरेस्ट'ची व्याख्याच नाही! 'झाडा'ची मात्र आहे, आणि त्यात बांबू धरला होता. आपण विज्ञानात शिकवतो की बांबू हे गवत आहे. कायद्याने त्याला झाड म्हटलं आणि तोडलेला बांबू 'लाकूड' ठरला. ज्यांचं घर, टोपली, सूप, कुंपण सगळं बांबूचं, त्यांच्यासाठी हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता.

पुढे 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'फॉरेस्ट'चा शब्दकोशातला अर्थही धरायचा, मालकी कोणाचीही असो. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. त्याच कायद्याखाली 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. 2017 मध्ये 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

गंमत म्हणजे आपला 'जंगल' शब्दही असाच फिरला आहे. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा प्रदेश. आज आपण तो शब्द दाट झाडीला वापरतो.

चौथी-पाचवीच्या वर्गात एक उपक्रम घेऊन बघा. फळ्यावर तीन रकाने करा: जंगल, रान, फॉरेस्ट. घरी आजी-आजोबा कोणता शब्द कधी वापरतात, ते मुलांना विचारून आणायला सांगा. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी चौथा रकाना ठेवा, आणि तो त्यांनाच भरू द्या. पालकांनो, तुम्हीही घरी सांगा, मोह, तेंदू, बांबू आणायला आधी कोणाला विचारावं लागायचं आणि आता कोणाला विचारावं लागतं. नागरिकशास्त्राचा अर्धा धडा तिथेच होऊन जातो.